गंगापूर धरणाकाठचं कॉटेज: वर्षभर मुक्काम केल्यावर

शनिवार-रविवारपुरतं येत होतो तोवर या जागेला मी डोळे झाकून पाच तारे दिले असते. निवृत्तीनंतर गेल्या पावसाळ्यापासून इथेच मुक्काम ठोकलाय. आता चार देते, आणि तेही शेजाऱ्यांमुळे.

आधी पाण्याचं बोलू, कारण सगळे त्यासाठीच येतात. गंगापूर हे गोदावरीवरचं मातीचं धरण, 1965 मध्ये पूर्ण झालेलं. नाशिक शहर मुख्यतः हेच पाणी पितं, शेतीलाही ते जातं, आणि खालच्या जायकवाडी धरणात तूट असली की दिवाळीच्या आसपास त्यासाठीही दरवाजे उघडतात. म्हणजे हा देखावा नाही, वापरातला साठा आहे. सप्टेंबरात पाणी कुंपणापाशी असतं. मेमध्ये ते इतकं मागे सरतं की मधे भेगाळलेला गाळ आणि त्यात कुणीतरी केलेली गाळपेर. जाहिरातीतले फोटो पावसाळा संपतानाचेच असतात. तुम्ही मेमध्ये जाऊन बघा, आणि धरणासाठी संपादित जमिनीची हद्द कुठे संपते ते मोजणीच्या नकाशावर स्वतः तपासा.

आम्ही प्लॉट घेतला तेव्हा मोजकीच घरं होती. एकच बोअर, जरा वारा सुटला की वीज गुल. ज्याच्याकडे इन्व्हर्टर त्याच्या ओट्यावर सगळ्यांचं जेवण. पिठलं एका घरचं, भाकरी दुसऱ्या घरची, ठेचा कुणाचा ते विचारायचं नाही. पोरं अंधार पडेपर्यंत काठावर. मग वाइन पर्यटन वाढलं, रस्ते सुधारले, घरं भराभर उठली. आता सोसायटी आहे, मेंटेनन्स आहे, गेटवर रजिस्टर आहे. बरीच कॉटेजेस रात्रीच्या भाड्याने जातात. रात्री दहानंतर स्पीकर बंद हा कायदाच आहे, पण तो प्रत्येक शनिवारी नव्या पाहुण्यांना नव्याने समजवावा लागतो. त्याच दिवशी संध्याकाळी गंगापूर रोडवर गाडी काढू नका.

घराबद्दल थोडक्यात: पश्चिमेच्या खिडक्यांना छज्जा मोठा ठेवा, त्र्यंबककडून येणारा पाऊस आडवा मारतो. श्रावणात कपाटातल्या साड्यांना बुरशी धरते. छाटणीनंतर द्राक्षबागांतले औषध फवारणीचे ब्लोअर पहाटेच सुरू होतात, त्याची सवय होते. बिबट्याची होत नाही. कुत्रं रात्री घरातच. भाजीला मात्र गिरणारे गावचा बाजार जवळ, टोमॅटोच्या हंगामात तर काय विचारता.

थंडी ही खरी कमाई. डिसेंबरात चक्रवाक जोडीने उतरतात, आमचे हे चहा गार होईपर्यंत दुर्बीण सोडत नाहीत.

आठवड्याच्या मधल्या दिवसांत मोजक्याच घरांत दिवा असतो. तेव्हा बाजूच्या वस्तीतल्या एक मावशी नागलीच्या भाकरी पाठवतात. त्यांची सून काठावर गाळपेर करते, आणि तिची वाट आमच्या आवारातूनच जाते. आता सोसायटीत पाण्याच्या बाजूने पक्की भिंत घालायचा ठराव आलाय. सुरक्षितता म्हणे. बिबट्या भिंत चढतो, मावशींची सून चढणार नाही. मागच्या सभेत विषय पुढे ढकलला गेला. गणपतीनंतर पुन्हा येईल, माझं मत विरोधातच पडणार आहे.