रात्री उशिरापर्यंत मुलं सांभाळणारं कोल्हापूरच्या राजारामपुरीतलं पाळणाघर, दीड वर्षाचा अनुभव

आधीच सांगते, हे पाळणाघर काकूंच्या राहत्या घरात आहे, बाहेर बोर्ड नाही आणि नाव टाकायचं नाही असं त्यांनी मला बजावलंय, त्यामुळं नाव-नंबर कुणी मागू नका. सीपीआरमध्ये, म्हणजे इथल्या सरकारी दवाखान्यात, ओळखीची एखादी नर्स असेल तर तिला विचारा, लगेच कळेल, कारण हे पाळणाघर मुळात नर्स लोकांच्या ड्युट्यांमुळंच रात्रीपर्यंत चालतं. मी मात्र नर्स नाही. मी मराठीत स्टँडअप करते, दोन पोरं आहेत, मुलगी सात वर्षांची आणि बारका चारचा, आणि माझ्यासारखं संध्याकाळचं काम करणाऱ्या आयांना उपयोग व्हावा म्हणून एवढं सगळं लिहायला बसलेय.

अडचण काय असते ते आधी सांगते, कारण ते कळल्याशिवाय ह्या जागेची किंमत कळणार नाही. पाळणाघरं सकाळी नऊला उघडतात आणि संध्याकाळी सहा-सातला बंद होतात आणि माझं काम सुरूच होतं सातला. नवरा शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत आहे, त्याची सेकंड शिफ्ट आली की दुपारी तीन ते रात्री अकरा तो घरी नाही, सासूबाई गावाकडं असतात, माझी आई तिच्या गुडघ्यांमुळं जिना चढू शकत नाही. शो म्हणजे काय फक्त स्टेजवरचा अर्धा तास नसतो, दोन तास आधी पोचायचं, माईक बघायचा, समोर कोण बसणार ते बघून सेट, म्हणजे विनोदांचा क्रम, खालीवर करायचा, आणि ते करताना डोकं जागेवर लागतं. घरी पोर रडत सोडून आलेलं असेल तर पंच बरोबर जागी पडत नाही, हे मी शंभरदा अनुभवलंय.

आणि आमच्या कामाचे सीझन असतात. संक्रांत ते रथसप्तमी हळदीकुंकवाचे कार्यक्रम, मग आठ मार्चच्या आसपास महिला दिनाचे, मग गणपती, नवरात्र. त्यात ८ ऑगस्ट २०२४ ला केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली. शाहू महाराजांनी उभारलेलं, १९१५ पासूनचं थिएटर, मी आयुष्यातली पहिली एकांकिका तिथं केलेली, दुसऱ्या दिवशी बाहेर रस्त्यावर उभी राहून मी आणि माझ्यासारखे कितीतरी जण रडलो. ते दुःख वेगळंच, पण कामाचं बोलायचं तर त्यानंतर माझे घराजवळचे शो कमी झाले आणि इचलकरंजी, सांगली, कधी पुणे असं फिरणं वाढलं. इचलकरंजी तीसेक किलोमीटर, पुणं तर सव्वादोनशेच्या वर. म्हणजे पोरांना ठेवायचे तास वाढले.

आधीच्या एका पाळणाघरात (नाव घेत नाही) सातच्या पुढं पाच मिनिटं झाली की फोन यायचा, तेही ठीक आहे, त्यांचा नियम, पण तिथल्या बाईंनी मला इतर पालकांसमोर विचारलं होतं की तुम्ही रात्रीचं नक्की काय काम करता. मी सांगितलं, कॉमेडी करते. त्या म्हणाल्या, मग तो छंद झाला, काम कुठलं. ते माझ्या अजून मनात आहे. २०१७ च्या दुरुस्तीनं मातृत्व लाभ कायद्यात आलं की पन्नास किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय हवी, आईला दिवसातनं चार वेळा मुलाकडं जाता यायला हवं. चांगला नियम आहे. पण माझं ऑफिस म्हणजे एक माईक आणि समोरच्या खुर्च्या, माझ्यासाठी ते पाळणाघर कोण काढणार?

तर ह्या काकूंकडं पहिल्या दिवशी गेले तेव्हा त्यांनी मला कामाबद्दल एकच प्रश्न विचारला, "किती वाजता सुटतीस?" बस्स. जशी नर्सची ड्युटी तशी माझी. मी म्हटलं काकू, कधी दहा, कधी साडेअकरा. त्या म्हणाल्या, "वेळ आधी सांगायची आणि सांगितलेली पाळायची, बाकी पोरं काय पळून जात्यात व्हय?" तिथंच मी ठरवलं.

जागा म्हणाल तर पहिला मजला, एक मोठा हॉल, एक झोपायची खोली, मागं छोटी गॅलरी जाळी लावलेली. जिन्याला वरच्या तोंडाशी लाकडी फाटक आहे आणि त्याची कडी मोठ्यांच्या हाताच्या उंचीवर. इन्व्हर्टर आहे. संध्याकाळी सातनंतर जास्तीत जास्त आठ मुलं घेतात, नववं घेत नाहीत, माझ्यासमोर एकीला परत पाठवलंय. काकू आणि त्यांच्या मदतीला एक ताई, दोघी असतात, झोपलेल्या पोरांच्या खोलीत एक जण कायम. टीव्ही साडेसात ते आठ, नंतर बंद म्हणजे बंद.

जेवण घरचं. मऊ भात-आमटी, तूप-मेतकूट, भाकरी कुस्करून दूध. बुधवारी ज्यांच्या घरी चालतं त्यांच्या पोरांना पांढरा रस्सा, नारळाच्या दुधातला, मिरी एकदम कमी. माझा बारका घरी दोन घास खाताना मला दमवतो आणि तिथं वाटी तोंडाला लावून रस्सा पितो, हे मी स्वतः दारातनं बघितलंय म्हणून लिहितेय.

आता हेल्मेटचं सांगते, कारण त्यावरनं मला ही जागा खरी कळली. बारक्यानं गेल्या हिवाळ्यात लाल हेल्मेट काढायचंच बंद केलं. जेवताना हेल्मेट, संडासात हेल्मेट, झोपताना पण हेल्मेट. कारण विचारलं तर म्हणतो, हेल्मेट काढलं की स्वप्नं सांडत्यात. आम्ही घरी रागावलो, लपवलं, तो रात्रभर रडला. माझे त्या आठवड्यात हळदीकुंकवाचे चार कार्यक्रम, डोळे सुजलेले, मी काकूंकडं हेल्मेटसकट पोरगं सोडलं आणि सांगायची पण लाज वाटत होती. काकू काही बोलल्या नाहीत. पहिल्या दोन रात्री त्याला झोप लागेपर्यंत तसंच ठेवलं आणि मग अलगद पट्टा सोडवला. तिसऱ्या रात्री हेल्मेट उलटं करून त्याच्या उशीपाशी ठेवलं, वाटीसारखं, आत एक स्वच्छ रुमाल अंथरला आणि म्हणाल्या, "सांडूदेत की, ह्यात गोळा होत्यात, सकाळी घालून घे." मी रात्री अकराला न्यायला गेले तेव्हा पोरगं उघड्या डोक्यानं झोपलेलं, एक हात त्या हेल्मेटच्या कडेवर. पंधरा वर्षं मी स्टेजवर काही ना काही करतेय, समोरच्या माणसाचं म्हणणं आधी खरं धरायचं आणि मग पुढं न्यायचं हे आम्ही वर्कशॉपमधनं शिकतो, काकूंना ते येतंच.

हे मला कसं कळलं, तर वहीतनं. प्रत्येक पोराची एक वही असते, दोनशे पानी, त्यात किती खाल्लं, कधी झोपलं, औषध काय दिलं, आणि शेवटी एक ओळ पोरगं आज काय बोललं. माझ्यासाठी ती ओळ म्हणजे सोनं. रात्री घरी येऊन मी पहिली तीच वाचायची. मुलीनं काकूंना विचारलेलं, "लोक हसले नाहीत तरी आईला पैसे देत्यात काय?" हे वहीत वाचलं आणि दुसऱ्या आठवड्यात सेटमध्ये घेतलं, लोक खूप हसले.

आणि मग मुलीला कळलं. शाळेतल्या मैत्रिणीच्या आईनं तो कार्यक्रम बघितलेला. मुलगी माझ्यावर नाही चिडली, वहीवर चिडली, काकूंना म्हणाली माझं काही लिहायचं नाही. मी घाबरले, खरंच घाबरले, कारण मुलांच्या गोष्टींवर माझा निम्मा सेट उभा आहे आणि त्या गोष्टी त्यांच्या आहेत हे मी सोयीनं विसरले होते. त्यावर काकूंनी स्वतःच मार्ग काढला. आता झोपायच्या आधी त्या ती ओळ पोरीला वाचून दाखवतात आणि पेन तिच्या हातात देतात. सांगायची असेल तर तिनं बरोबरची खूण करायची, नसेल तर फुली. फुलीवाली ओळ मी वाचू शकते, स्टेजवर नेऊ शकत नाही. गेल्या महिन्यात नऊ फुल्या आणि चार खुणा होत्या. बारक्याला अजून हे कळत नाही, म्हणून त्याच्या वतीनं पण तीच ठरवते. हेल्मेटची गोष्ट इथं लिहायच्या आधी पण तिला विचारलंय.

तापाची रात्र सांगायलाच हवी. मी इचलकरंजीत, चाळीस मिनिटांचा सेट, फोन बॅगेत सायलेंट, नवरा शिफ्टवर जिथं फोन आत नेता येत नाही. इकडं मुलीला एकशे दोन ताप. काकू प्रत्येक शोच्या दिवशी आयोजकाचा नंबर चिठ्ठीवर लिहून घेतात, मला आधी ते जास्तीचं वाटायचं. त्या दिवशी त्यांनी आमच्या डॉक्टरांना फोन करून, त्यांच्या चिठ्ठीवरचं औषध विचारून दिलं, अर्ध्या तासानं परत ताप बघितला, आणि मग आयोजकाला कळवलं. निरोप काय, तर "औषध दिलंय, उतरतोय, झोपलीय. कार्यक्रम पुरा कर, पण संपल्यावर जेवायला थांबू नको." मला तो विंगेत आल्यावरच मिळाला. अकरा वीसला मी पोचले तेव्हा कपाळावर ओली पट्टी आणि वहीत तीन वेळा ताप लिहिलेला, वेळेसकट.

पावसाळ्यातलं पण एक. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्याला पाणी ३९ फुटांवर, म्हणजे इशारा पातळीला आलं की ग्रुपवर काकूंचा मेसेज पडतो, पुलापलीकडं कोण कोण आहे, लवकर निघा. ४३ ला धोका पातळी, तोवर त्या वाट बघत नाहीत. शिरोलीकडनं यायचा रस्ता बंद झाला तर पोरगं रात्री इथंच राहील, काळजी करू नका, हे पण आधीच लिहितात.

कमी काय आहे ते पण लिहिते. गौरी-गणपतीत त्यांच्याकडं सुट्टी असते, घरचा गणपती, गौरी, पाहुणे, समजतं मला, पण नेमके तेच दिवस माझ्या कामाचे आणि दरवर्षी तेव्हा माझी धावपळ होते, गेल्या वर्षी दोन शो सोडले. ज्यांचं काम सणात वाढतं त्यांनी हे धरून चाला. दुसरं, एप्रिल-मेमध्ये झोपायची खोली तापते, दोन पंखे पुरत नाहीत, कूलर घ्यायला हवा, मी बोललेय, बघू. गल्लीत चारचाकी लावायला जागा नाही. आणि जिना फार उभा आहे, झोपलेलं पोरगं खांद्यावर, हातात बॅग आणि वर साडी नेसलेली असेल तर उतरताना जीव मुठीत येतो, मी आता बॅग आधी गाडीत ठेवून मग पोरांना आणते.

पैसे म्हणाल तर मी दर महिन्याला ठराविक भरते आणि रात्री नऊच्या पुढं तासावर वेगळे. सांगितलेल्या वेळेपेक्षा उशीर झाला तर जास्तीचे घेतात, आणि ते घ्यायलाच हवेत, त्या ताईंना पण घरी जायचं असतं. एखाद्या महिन्यात शो नसले तर आधी सांगितल्यावर निम्मेच घेतात, हे मला फार उपयोगी पडलंय कारण जून-जुलै आमच्याकडं कोरडे असतात.

पाचपैकी साडेचार. अर्धा गणपतीच्या सुट्टीचा कापलाय आणि तो मी काकूंना तोंडावर सांगितलाय.

जायचं असेल तर दुपारी चार ते पाचमध्ये जा, तेव्हा पोरं उठलेली असतात आणि काकूंना बोलायला सवड असते. मुलाला बरोबर न्या. त्या आधी त्याच्याशी बोलतात, नंतर तुमच्याशी, आणि त्याला काय विचारलं ते तुम्हाला सांगत नाहीत.