सोन्याची अंगठी काढून लावायचं क्रीम

आमच्या सांगली-मिरज भागात सध्या एक पांढरं नाइट क्रीम विकलं जातंय. दुकानात नाही, तर पार्लरमध्ये, भिशीत आणि व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर. साबण, डे क्रीम आणि नाइट क्रीम असा सेट असतो, किंमत 650 रुपये. हा सेट आमच्या घरात आला आणि काही महिन्यांत माझ्या धाकट्या जावेच्या लघवीतून प्रोटीन जायला लागलं. माझा चेहरा अजूनही उन्हात गेलं की भाजल्यासारखा होतो. विकणारी बाई इतकं पटेल असं बोलते की आधी कानावर आलं नसेल तर कुणीही घेईल, म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

स्वस्त वस्तूंबद्दल माझी काही तक्रार नाही, हे आधीच सांगते. मी कायम मेडिकलमधल्या आणि गल्लीतल्या कॉस्मेटिक्सच्या दुकानातल्या स्वस्त वस्तूच वापरत आले. हिवाळ्यात ग्लिसरीन आणि पेट्रोलियम जेली, उन्हाळ्यात कॅलामाइन लोशन, दोन-अडीचशेचं सनस्क्रीन, साधं काजळ. नवीन काही आलं की लहान पॅक आणून आधी कानामागे लावून बघायचं, ही माझी आणि जावेची जुनी आवड. साध्या, वास नसलेल्या मॉइश्चरायझरनं जे होतं ते हजार रुपयांच्या डबीनं जास्त होतं असं मला कधीच दिसलं नाही. पुढे ज्या त्वचारोगाच्या डॉक्टर भेटल्या, त्यांनीही चिठ्ठीवर असलंच स्वस्त मॉइश्चरायझर लिहून दिलं. घात झाला तो बिननावाच्या वस्तूनं.

विकणारी बाई ओळखीची. आमच्या घरच्या दोन लग्नांत नवरीचा मेकअप तिनंच केला होता. थ्रेडिंग करता करता तिनं विषय काढला. "वहिनी, मेडिकलमधलं किती दिवस लावणार? त्यात नुसतं पाणी आणि वास. हे फॉर्म्युल्याचं आहे." डबीवर कंपनीचं नाव का नाही, असं जावेनं लगेच विचारलं. उत्तर तयार होतं: "कंपनीवाले शंभराचं हजाराला विकतात. आपल्याला डायरेक्ट मिळतं, म्हणून तर स्वस्त. केमिकल काही नाही, केशर आणि ज्येष्ठमध." मग मोबाइलवर आधीचे-नंतरचे फोटो. त्यातल्या दोन-तीन बायका आमच्या ओळखीच्या होत्या आणि खरोखरच उजळ दिसत होत्या. फोटो खोटे नव्हते, आणि म्हणूनच विश्वास बसला.

पैसे देताना तिनं वापरायची पद्धत सांगितली. रात्री वाटाण्याएवढं घ्यायचं, दिवसा उन्हात फिरायचं नाही. आणि एक वाक्य, जे मी आता दिसेल त्या बाईला सांगते: "लावताना अंगठी, कानातलं काढून ठेवा हं. सोन्याला लागलं तर सोनं पांढरं पडतं. फॉर्म्युला स्ट्राँग आहे ना." हे तिनं काळजीनं सांगितल्यासारखं सांगितलं. तिला स्वतःला याचा अर्थ माहीत होता की नाही, हे मला आजही कळलेलं नाही.

क्रीमचा गुण मात्र लगेच दिसला. पहिल्याच आठवड्यात पुटकुळ्या बसल्या, काळपट डाग फिके झाले, चेहरा एकसारखा गुळगुळीत दिसायला लागला. शेजारणी विचारायला लागल्या, नणंदेनं मागवलं, जावेच्या माहेरी दोन सेट गेले. या धंद्याला जाहिरात लागत नाही, ती आमच्या चेहऱ्यांवरच झाली.

डबी संपली आणि नवीन यायला उशीर झाला, तेव्हा खरं रूप दिसलं. माझे गाल लाल झाले, आग व्हायला लागली, साध्या पाण्यानंसुद्धा चुरचुरायचं. हनुवटीवर बारीक पुळ्या उठल्या आणि गालांवर लव वाढली. तिला फोन केला तर म्हणाली, "आतली घाण बाहेर पडतेय, चांगलं लक्षण आहे. आता दोन नंबरचं लावा." दोन नंबरची डबी 900 रुपयांना. ती लावली की एका रात्रीत आग शांत व्हायची. बंद केली की पुन्हा तेच, आधीपेक्षा जास्त. धंद्याची सगळी मेख इथे आहे. ज्यानं त्रास होतो त्यानंच तो थांबतो, त्यामुळे गिऱ्हाईक सुटत नाही, उलट आभार मानतं.

शेवटी मिरजेच्या सरकारी रुग्णालयात त्वचारोगाच्या ओपीडीत गेले. डॉक्टरांनी चेहरा उजेडाकडे वळवून पाहिला आणि पहिला प्रश्न केला, "कुठलं क्रीम लावता?" डबी सोबत नेली होती. त्या म्हणाल्या, असे चेहरे रोज येतात, हे स्टिरॉइडचं काम आहे. स्टिरॉइडचं मलम एक्झिमासारख्या आजारावर मोजके दिवस, डॉक्टरांच्या देखरेखीत लावायचं औषध. ते रक्तवाहिन्या आकसवतं, सूज आणि लाली दाबतं, रंग बनवणाऱ्या पेशींचं कामही मंद करतं, म्हणून चेहरा झटकन उजळ दिसतो. महिनोन्महिने लावलं की कातडी पातळ होते, आतल्या शिरा दिसायला लागतात, केस वाढतात, आणि थांबवलं की दाबून ठेवलेलं सगळं उसळून वर येतं. बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन ही नावं त्यांनी मला कागदावर लिहून दिली. मोमेटासोनबरोबर हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन मिसळलेली तयार ट्यूब औषधाच्या दुकानात मिळते. तीच पिळून साध्या क्रीममध्ये घोटतात आणि डब्या भरतात, असं त्या म्हणाल्या. 2018 साली केंद्र सरकारनं स्टिरॉइडची बरीच मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई करून शेड्यूल एच या चिठ्ठीवरच्याच औषधांच्या यादीत टाकली. तरी आपल्याकडे काउंटरवर "पिंपल्ससाठी काहीतरी द्या" म्हटलं की यातलीच ट्यूब हातात पडते, हे मी स्वतः पाहिलंय. ट्यूबच्या खोक्यावर लाल उभी रेघ असेल तर ते औषध आहे, सौंदर्यप्रसाधन नाही.

निघता निघता मी अंगठीची गोष्ट सहज सांगितली. डॉक्टर लिहायच्या थांबल्या. "सोनं पांढरं पडतं असं ती म्हणाली? घरात आणखी कोण लावतं?"

सोन्याला पारा लागला की ते पांढरं पडतं, हे कुठलाही सोनार सांगेल. आमच्या सोनारानंही विचारल्याबरोबर हेच सांगितलं. पाऱ्याचे क्षार कातडीतला रंग बनवणारं एन्झाइम अडवतात, म्हणून गोरं करणाऱ्या क्रीममध्ये तो घालतात. स्वस्त असतो आणि गुण लगेच दिसतो. पण तो कातडीतून रक्तात जातो आणि मूत्रपिंडाची गाळणी बिघडवतो. अकोल्याची बातमी अनेकांना आठवत असेल. 2023 च्या सुरुवातीला एकाच घरातल्या आई आणि दोन मुलींच्या किडन्यांना इजा झाल्याचं प्रकरण बाहेर आलं. तिघी एकच क्रीम लावत होत्या, आणि मुंबईच्या केईएममध्ये शोध घेतल्यावर पाऱ्याचा माग लागला. केरळात मलप्पुरम भागातही डॉक्टरांना असेच रुग्ण सापडले. तीही गोरं करणारीच क्रीमं होती.

जावेच्या पायांना संध्याकाळी सूज यायची, सकाळी डोळ्यांखाली फुगलेलं असायचं. आम्ही ते शिवणकामावर बसून बसून होतंय असंच धरून चाललो होतो. लघवीला फेस येतो हे ती लाजेनं बोललीच नव्हती. लघवीच्या साध्या तपासणीत प्रोटीन भरपूर निघालं आणि रक्तात पारा वाढलेला निघाला. ते दिवस कसे गेले ते लिहिणं मला जड जातंय. तिचं मूल अडीच वर्षांचं, तिच्याच कुशीत झोपणारं, तिच्या गालाला गाल लावणारं. पारा उशीच्या अभ्र्यावर, टॉवेलवर, हातांवर राहतो आणि जवळच्यांपर्यंत पोचतो, हे ऐकल्यावर त्याचीही तपासणी केली. त्याचं सगळं ठीक निघालं. जावेचं प्रोटीन क्रीम बंद केल्यावर आणि किडनीच्या डॉक्टरांच्या औषधांनी हळूहळू उतरलं, पण तपासण्या अजून चालू आहेत. 650 रुपयांच्या सेटपायी तपासण्या, औषधं आणि गाडीखर्च मिळून जे गेलं त्यात घरात फ्रिज आला असता.

आम्ही दोघी त्या बाईकडे गेलो. "तुमच्या स्किनला सूट झालं नाही, बाकी कुणाची तक्रार नाही," एवढंच ती म्हणत राहिली. माल कुठून येतो विचारल्यावर कधी दुबई, कधी दिल्ली. बिल तिनं कधीच दिलं नव्हतं, तेव्हा "बिलाशिवाय घ्या, जीएसटी वाचेल" म्हणाली होती. पण पैसे यूपीआयवरून गेले होते, त्यावर तारीख आणि तिचं नाव होतं. व्हॉट्सॲपवर तिचे "दोन नंबर लावा" हे मेसेज होते. डबीत थोडं क्रीम शिल्लक होतं. हे सगळं आमच्या कामाला आलं. तुमच्यावर अशी वेळ आली तर रागाच्या भरात डबी फेकू नका आणि चॅट डिलीट करू नका. डबी झाकण लावून प्लास्टिकच्या पिशवीत बांधून, मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवा. बेसिनमध्ये तर मुळीच ओतू नका.

तक्रार जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात दिली. तिथे एक गोष्ट कळली, जी मला आधी माहीत असायला हवी होती असं वाटतं. आपल्याकडे सौंदर्यप्रसाधनं विकायला परवाना लागत नाही, पण बनवायला लागतोच. घरी चार डब्या भरून विकल्या तरी लागतो. म्हणजे "मी घरीच बनवते" असं कुणी अभिमानानं सांगितलं तर परवाना आहे का, हे आपण विचारायलाच हवं. बाहेरून आणलेल्या मालावर आयातीचा नोंदणी क्रमांक आणि आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता हवा. तो नसेल तर दुबई आणि बँकॉक या नुसत्या गप्पा. 2020 च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार डोळ्यांची प्रसाधनं सोडली तर नकळत आलेला पाराही दहा लाखांत एका भागापेक्षा जास्त चालत नाही. औषधं आणि सौंदर्यप्रसाधनांच्या 1940 च्या कायद्यातल्या कलम 26 प्रमाणे, विकत घेतलेली वस्तू फी भरून सरकारी विश्लेषकाकडून तपासून घ्यायची सोय सामान्य माणसालाही आहे. ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा नंबर आहे. जिल्हा ग्राहक आयोगात वस्तूसाठी दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही, फक्त दोन वर्षांच्या आत जायला हवं. आमच्या डबीचा अहवाल अजून यायचा आहे.

आता मी दुकानात वस्तू हातात घेतली की आधी मागची बाजू वाचते. बनवणाऱ्याचा पूर्ण पत्ता, बॅच नंबर, परवाना क्रमांक, कधीपर्यंत वापरायचं ती तारीख, एमआरपी, घटकांची यादी. दुकानदार कंटाळला तरी चालेल. ओळखीच्या ब्रँडचं काजळ किंवा लिपस्टिक एमआरपीच्या निम्म्यानं मिळत असेल तर तेही ठेवून देते. फर्स्ट कॉपी नावाखाली जे विकतात त्यात शिसं किती आहे हे कुणीच मोजलेलं नसतं, आणि ते आपण डोळ्यांत घालतो. बोटानं घासल्यावर बॅच नंबरची शाई निघते का, हेही बघते. रिकाम्या बाटल्या आणि डब्या फोडून, चुरगाळून मगच कचऱ्यात टाकते, कारण भंगारातल्या चांगल्या बाटल्या पुन्हा भरल्या जातात.

ज्यांच्याकडे ही डबी आत्ता आहे त्यांच्यासाठी खूण लिहिते: पांढरी गोल प्लास्टिकची डबी, झाकणावर सोनेरी स्टिकर, आत चांदीसारखा कागद, क्रीम मोत्यासारखं चमकदार, वास गुलाबाचा. स्टिकरवर नाव दर वेळी वेगळं असतं. कुणी लावत असाल तर आजपासून बंद करा, पण गालांची आग सुरू झाली म्हणून मेडिकलमधून दुसरी ट्यूब आणू नका, डबी घेऊन त्वचारोगाच्या डॉक्टरांकडे जा. लघवीची तपासणी शंभर-दोनशे रुपयांत होते, ती काही त्रास नसला तरी करून घ्या. पायांना सूज किंवा लघवीला फेस असेल तर थांबूच नका. आणि ज्या मैत्रिणीला, नणंदेला किंवा बहिणीला तुम्ही हे क्रीम सुचवलं असेल, तिला आजच फोन करा.