मशीनवरच्या तयार रिंगा: घ्या, पण हूक बघून

भूकंपाचे हादरे बसले की कॉलमचं कव्हर, म्हणजे सळयांबाहेरचं काँक्रीट, आधी निखळतं. मग उभ्या सळया बाहेर फुगू नयेत आणि आतलं काँक्रीट विखरू नये, ही सगळी जबाबदारी त्या सळयांभोवती बांधलेल्या ८ मिमीच्या रिंगेवर येते. म्हणून हा माल घेताना घाई नको.

मापात मशीनची रिंग हाताच्या रिंगेपेक्षा सरस, यात वाद नाही. ३०० बाय ४५० मिमीचा कॉलम आणि ४० मिमीचं कव्हर असेल तर रिंग बाहेरून २२० बाय ३७० मिमी हवी. दहा रिंगा एकावर एक रचा, कडा जुळायला हव्यात. एकेक रिंग सपाट फरशीवर ठेवा. कोपरा उचललेला राहिला तर रिंग पिळलेली आहे.

खरी तक्रार हूकची, म्हणजे रिंगेच्या वाकवलेल्या टोकाची. ऑर्डरमध्ये स्पष्ट लिहिलं नाही तर ९० अंशाचा हूक येऊ शकतो आणि कव्हर निखळताच तो उघडतो. १३५ अंशाचं टोक गाभ्यातल्या काँक्रीटमध्ये रुतलेलं असतं, म्हणून ते धरून ठेवतं. आयएस १३९२० या भूकंपरोधक काँक्रीट बांधकामाच्या भारतीय मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीप्रमाणे वाकानंतरचं सरळ टोक सळईच्या व्यासाच्या सहापट, पण किमान ६५ मिमी हवं. ८ मिमीला सहापट ४८ होतात, १० मिमीला ६०, म्हणजे दोन्हीकडे ६५ च धरायचे. टेप लावून मोजाच, कारण लोखंड वाचवायचं तर कात्री पहिली इथेच लागते. वाकाच्या बाहेरच्या बाजूला बारीक चीर दिसली तर तो लॉट परत करा.

साइटवर रिंग आत जात नाही म्हणून फिटर हूक सरळ करतात आणि नंतर अर्धवट वाकवतात. अशी रिंग बाद समजा. लागोपाठच्या रिंगांचे हूक एकाच कोपऱ्यात नकोत, आलटून पालटून यावेत.

बंद रिंगेची एक अडचण मात्र आहे. बीमचं लोखंड बसल्यावर ती बीम-कॉलमच्या जोडात घालताच येत नाही, आणि मग जोड रिकामा राहतो. तिथल्या रिंगा आधीच कॉलमच्या सळयांत ओवून वर बांधून ठेवाव्या लागतात.

संख्याही नीट काढा. त्याच ३०० बाय ४५० च्या कॉलमला १६ मिमीच्या सळया आणि मोकळी उंची ३ मीटर असेल तर दोन्ही टोकांना ५०० मिमीपर्यंत रिंगा दर ७५ मिमी अंतरावर येतात. जोडाच्या रिंगांचा गठ्ठा वेगळा बांधून, वर चिठ्ठी लावूनच मागवा.