मिक्स तपासायला एकच छोटा स्पीकर: क्यूब, ब्लूटूथ की हाताशी असलेला मॉनिटर?

घरच्या स्टुडिओत दोन बरे मॉनिटर (स्टुडिओचे स्पीकर) आहेत, हेडफोन आहेत, आणि मिक्स, म्हणजे गायन-वाद्यांचे सगळे ट्रॅक जुळवून केलेलं गाणं, तपासायला आणखी एक छोटा स्पीकर घ्यावा का, हे ठरत नाहीये. अशा वेळी समोर तीन वाटा असतात: बंद पेटीचा, एकाच ड्रायव्हरचा (आवाज काढणाऱ्या पडद्याचा) चौकोनी स्पीकर, म्हणजे क्यूब; घरातला ब्लूटूथ स्पीकर; किंवा आहेत त्यांतलाच एक मॉनिटर मोनोमध्ये, म्हणजे डावा-उजवा आवाज एकत्र करून. माझं मत आधीच सांगून टाकतो. सुरुवात तिसऱ्यापासून करा आणि पैसे घालायचेच असतील तर पहिल्यात घाला. ब्लूटूथचं काम अगदी शेवटी.

एक मॉनिटर मोनोमध्ये वाजवायला काहीच खर्च नाही. मोनोचं बटण दाबा आणि एक स्पीकर पूर्ण बंद करा. हे बंद करणं महत्त्वाचं आहे. दोन्ही चालू ठेवले तर प्रत्येक कानाला तोच आवाज दोनदा, किंचित अंतराने पोचतो आणि २ किलोहर्ट्झच्या आसपास, म्हणजे नेमका शब्द कळतो त्या भागात, खड्डा पडतो. एकाच स्पीकरवर फेजच्या चुका, म्हणजे दोन बाजूंच्या लहरी एकमेकींना खोडतात त्या जागा, लगेच कळतात. तंबोरा रुंद वाटावा म्हणून एका बाजूला १० मिलिसेकंदांचा उशीर दिला असेल, तर मोनोत ५०, १५०, २५० हर्ट्झ अशा ओळीने आवाज कापला जातो. ऐकणाऱ्यांपैकी अनेकांपर्यंत गाणं असंच पोचतं: मंडपातल्या कर्ण्यावर, एका स्पीकरच्या फोनवर, सिग्नल कमजोर झाल्यावर मोनोकडे सरकणाऱ्या एफएमवर.

मग क्यूब कशाला? कारण मॉनिटरला बहुधा बास पोर्ट (खालचे सूर वाढवणारं भोक) असतो, क्रॉसओव्हर (खालचे-वरचे सूर वेगळ्या ड्रायव्हरांत वाटणारं सर्किट) असतो, आणि खालचा आवाजही भरपूर असतो. ऑराटोन ५सी या जुन्या क्यूबमध्ये यातलं काही नाही. साडेचार इंची एक ड्रायव्हर, बंद पेटी, संपलं. आवाज थांबला की स्पीकरही चटकन थांबतो, त्यामुळे रिव्हर्बची (घुमाऱ्याची) शेपटी किती लांबली आहे आणि गाण्यावरचा कॉम्प्रेसर (मोठा-लहान आवाज सारखा करणारं साधन) कुठे दम टाकतोय, हे स्पष्ट ऐकू येतं. मायकल जॅक्सनचे ध्वनिअभियंता ब्रूस स्वेडीन मिक्सचा मोठा भाग कमी आवाजात ऑराटोनवरच करत.

आपल्या संगीतासाठी मला क्यूबचा सर्वांत मोठा उपयोग डग्ग्यासाठी वाटतो. साधारण १५० हर्ट्झच्या खाली क्यूब झपाट्याने उतरतो. मोठ्या मॉनिटरवर घुमणारा डग्गा इथे साफ गायब झाला, तर त्याचं सगळं वजन तळाच्या सुरात अडकलं आहे असं समजा. फेडर (पातळीची पट्टी) वर ढकलून उपयोग नाही, त्याने फक्त मोठ्या सिस्टिमवर चिखल होईल. थोडं सॅच्युरेशन (वरचे सूर मिसळणारी हलकी विकृती) द्या, किंवा घिस्सा (डग्ग्यावर तळहात घासून काढलेला आवाज) आणि थापेचा वरचा भाग इक्यूने, म्हणजे सुरांच्या पट्ट्या कमी-जास्त करून, पुढे आणा. मग फोनवरही ठेका कळतो. हार्मोनियम, गायकाचा आवाज आणि व्हायोलिन एकाच पट्ट्यात भांडत असतील, तर तेही क्यूबवर लपत नाही.

कोणता घ्यावा? ऑराटोनला वेगळा अ‍ॅम्प्लिफायर लागतो. घरात चांगला अ‍ॅम्प पडून असेल तर हरकत नाही. नसेल तर अ‍ॅव्हनटोनचा अ‍ॅक्टिव्ह मिक्सक्यूब सोयीचा: सव्वापाच इंची ड्रायव्हर, अ‍ॅम्प आतच, आणि एकच नग विकत मिळतो. जोडी घेण्याचा मोह टाळा; मोनो तपासणीत दुसऱ्याचा काहीच उपयोग नाही. फॉस्टेक्स ६३०१ हाही आत अ‍ॅम्प असलेला, १० सेंटिमीटर ड्रायव्हरचा पर्याय आहे.

ब्लूटूथ स्पीकर स्वस्त असतो, बहुतेकांच्या घरी असतोच, पण निर्णय घ्यायला तो कच्चा आहे. आतलं सर्किट आवाजाच्या पातळीप्रमाणे बास वाढवतं-कमी करतं, लिमिटर (आवाजाला कमाल मर्यादा घालणारं सर्किट) लावतं. आवाज दोन खुणा वाढवला की तोलच बदलतो, मग तुम्ही नक्की काय दुरुस्त केलं? शिवाय आवाज उशिरा येतो, त्यामुळे ऑटोमेशन करताना, म्हणजे गाणं चालू असताना पातळ्यांचे बदल नोंदवताना, हात चुकतो. तयार मिक्स एकदा ऐकून बघायला मात्र जरूर वापरा.

जोडताना इंटरफेसचे (संगणकाला जोडलेल्या ऑडिओ उपकरणाचे) दोन आउटपुट साध्या वाय केबलने एकत्र बांधू नका, दोन्ही आउटपुट एकमेकांवर भार टाकतात. मोनो सॉफ्टवेअरमध्ये किंवा मॉनिटर कंट्रोलरवर करा. क्यूब टेबलावर समोर, कानाच्या दिशेने, बोलण्याइतक्याच आवाजात ठेवा. आणि एक लक्षात असू द्या: मोनोत मधला आवाज, पूर्ण डावी-उजवीकडे टाकलेल्या वाद्यांच्या तुलनेत, सुमारे ३ डेसिबल वर येतो. म्हणून गायकाची शेवटची पातळी क्यूबवर ऐकून लगेच खाली आणू नका. स्टिरिओत परत जाऊन, तिथेही तो पुढे वाटला तरच फेडरला हात लावा.