घर कुठे घ्यावं: महापालिकेच्या हद्दीत की वाडी-कामठीच्या नगरपरिषदेत?

नागपुरात मधल्या बजेटचं घर शोधायला निघालेल्या माणसापुढे शेवटी दोन प्रकार उरतात. एक, महापालिकेच्या कडेला, म्हणजे नरसाळा, हुडकेश्वर, मनीषनगरच्या मागच्या बाजूला दोन बेडरूमचा फ्लॅट. दुसरा, तेवढ्याच पैशात वाडी, वानाडोंगरी किंवा कामठीकडे प्लॉट आणि त्यावर लहानसं घर. मग चौरस फूट, पार्किंग, मुलांच्या शाळेची बस आणि ड्युटीचं अंतर यांचे हिशेब मांडले जातात. पुढची तीस वर्षं ज्या कार्यालयात टॅक्स भरायचा, नळाची तक्रार करायची, नकाशा मंजूर करून घ्यायचा, ते कार्यालय या हिशेबात नसतं. इथे फक्त त्याचाच विचार केला आहे.

माझं मत आधी सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना माझा कल लक्षात राहील. सेवा महापालिकेत सरासरीने बऱ्या, पण अडलेलं काम हलवून घेणं नगरपरिषदेत सोपं. आणि या दोन्हींहून मोठा प्रश्न नागपुरात वेगळाच आहे: तुमच्या ले-आउटवर शिक्का कोणाचा?

एक प्रभाग म्हणजे एक वाडी

२०११ च्या जनगणनेत नागपूर शहराची लोकसंख्या २४ लाखांवर होती. महापालिकेत ३८ प्रभाग आणि १५१ नगरसेवक. म्हणजे एका प्रभागात सरासरी ६३ हजार लोक, आणि त्यांना चार नगरसेवक. त्याच जनगणनेत अख्ख्या वाडीची लोकसंख्या ५४ हजारांच्या आसपास होती. नागपूरच्या एका प्रभागाहून लहान असलेल्या गावाला स्वतःचा नगराध्यक्ष आहे, स्वतःचा मुख्याधिकारी आहे, सभागृहभर नगरसेवक आहेत. कामठी त्याहून मोठी, सुमारे ८७ हजारांची, तरी तिथेही हेच.

त्याचा रोजच्या कामावर परिणाम होतो. नगरपरिषदेत कर, पाणी, बांधकाम, आरोग्य यांचे टेबल एकाच आवारात. सीओ साहेब म्हणजे मुख्याधिकारी थेट भेटू शकतात. निदान ते आले की नाही हे चहावाल्यालाही ठाऊक असतं. नगरसेवक बहुधा ओळखीतलाच निघतो, आणि त्याला पुढच्या वेळी तुमच्याच दारात मत मागायला यायचं असतं. नागपुरात टॅक्ससाठी दहा झोनपैकी तुमचं झोन ऑफिस, पाण्यासाठी ओसीडब्ल्यूचं, म्हणजे शहराला पाणी पुरवणाऱ्या ऑरेंज सिटी वॉटर कंपनीचं कार्यालय, मोठ्या बांधकामासाठी सिव्हिल लाइन्सचा नगररचना विभाग, आणि ले-आउट नासुप्रच्या, म्हणजे नागपूर सुधार प्रन्यासच्या ताब्यातला असला तर सदरला चक्कर. काम कोणाकडे आहे हे कळण्यातच पहिली सकाळ जाते.

पण लहान कार्यालयाची दुसरी बाजूही पाहून ठेवा. तिथे अभियंता एक असतो. तो लग्नाला गेला की फाइलही लग्नाला जाते. मुख्याधिकाऱ्याकडे कधी कधी दोन ठिकाणचा प्रभार असतो, मग "साहेब मीटिंगले गेले, सोमवारी या" हे वाक्य पाठ होतं. शिवाय नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडून येत असल्याने अध्यक्ष एका पक्षाचा आणि बहुमत दुसऱ्याचं असा प्रकार होऊ शकतो. तसं झालं की सभा वादात आणि विषय पुढच्या सभेत. महापालिकेत महापौर नगरसेवकच निवडतात आणि कारभार आयुक्तांच्या हाती असतो, त्यामुळे राजकारण कितीही तापलं तरी यंत्रणा बऱ्यापैकी चालत राहते. मार्च २०२२ पासून जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत नागपुरात नगरसेवकच नव्हते. कचऱ्याची गाडी तरीही येत होती. तक्रार कोणाच्या घरी घेऊन जायची, एवढं मात्र कळत नव्हतं.

शिक्का कोणाचा

इथे घाई करू नका. फ्लॅटचं तोंड कुठे आहे यापेक्षा हे जास्त महत्त्वाचं.

नागपूर सुधार प्रन्यास म्हणजे आपली एनआयटी १९३६ ची, म्हणजे महापालिकेपेक्षा जुनी. महापालिका १९५१ ची. त्यामुळे शहराच्या हद्दीत असूनही अनेक ले-आउटचा कारभार वर्षानुवर्षं एनआयटीकडे राहिला. ५७२ आणि १९०० हे आकडे नागपूरच्या प्लॉटधारकाला आपल्या मोबाइल नंबरसारखे पाठ असतात: गुंठेवारीत गेलेले, म्हणजे मंजुरीशिवाय लहान तुकडे पाडून विकलेले आणि नंतर नियमित करायला घेतलेले ले-आउट. तिथे प्लॉट घेताना पहिला प्रश्न "आर.एल. आहे का?" आर.एल. म्हणजे नियमितीकरणाचं पत्र. त्याआधी डिमांड नोट निघते, ती भरायची, मग पत्र. डिमांड नोट भरल्याची पावती दाखवून "आर.एल. झालंच समजा" म्हणणाऱ्याला हसून नमस्कार करावा. राज्य सरकारने गुंठेवारीच्या २००१ च्या कायद्यात दुरुस्ती करून ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं नियमित करण्याची मुभा दिली, पण मुभा मिळणं आणि तुमच्या प्लॉटचं पत्र निघणं यात बरंच अंतर असतं. मैदान, रस्ता किंवा शाळेच्या आरक्षणात प्लॉट गेला असेल तर तेवढंही नाही. मध्यंतरी २०१९ मध्ये एनआयटीचे नियोजनाचे अधिकार काढून महापालिकेला देण्याचा निर्णय झाला आणि नंतर तो फिरला. या येण्या-जाण्यात ज्यांच्या फाइली प्रवास करत होत्या त्यांना विचारा.

शहराबाहेर गुंता वेगळ्या जातीचा आहे. वाडी, वानाडोंगरी ही काल-परवापर्यंत ग्रामपंचायती असलेली गावं. बेसा-पिपळाही ग्रामपंचायतीतून नगरपंचायतीत आलं. घर किंवा फ्लॅट-स्कीम जुनी असेल तर तिचा नकाशा नेमका कोणी मंजूर केला? ग्रामपंचायतीने? एनआयटीने? २०१७ पासून शहराभोवतालच्या महानगर क्षेत्रासाठी आलेल्या एनएमआरडीए या विकास प्राधिकरणाने? की नगरपरिषदेने? "ग्रामपंचायतीने मंजूर केलेला नकाशा" ऐकला की बँकेचा वकील चष्मा पुसायला लागतो. ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर, म्हणजे घरपट्टीच्या नोंदवहीत नाव आहे, टॅक्स भरला आहे, एवढ्याने बांधकाम अधिकृत होत नाही. टॅक्स तर अनधिकृत बांधकामावरही घेतात.

कामठीत आणखी एक वळण आहे. तिथली छावणी १८२१ ची. छावणीची हद्द वेगळी, तिचा कारभार कॅन्टोन्मेंट बोर्डाकडे, आणि बोर्ड संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत. "कामठीत घर" एवढ्यावर न थांबता ते नगरपरिषदेत, छावणीत, की शेजारच्या येरखेड्यात, हे लिहून घ्या.

बांधकामाचे नियम म्हणाल तर २०२० पासून राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली दोन्हीकडे लागू आहे. म्हणून "नगरपरिषदेत दोन मजले जास्त चढवता येतात बाप्पा" या गोष्टीवर विश्वास ठेवू नका. चढवता येत असतील तर ते नियमात नाहीत, आणि विकताना ते तुमच्याच गळ्यात येतील.

पाणी आणि नाली

पाण्यात महापालिका पुढे आहे, यात शंका नाही. शहराच्या बऱ्याच भागाला पेंचचं पाणी, उत्तर-पूर्वेकडच्या भागाला कन्हान नदीचं; २०१२ पासून पुरवठा ओसीडब्ल्यूमार्फत, मीटर लावून. चोवीस तास पाण्याचं जे स्वप्न दाखवलं होतं ते सगळ्या घरांत पोहोचलं नाही, पण जिथे वाहिनी आहे तिथे नळ भरवशाचा आहे. अट एवढीच की वाहिनी हवी. हुडकेश्वर आणि नरसाळा ही गावं २०१३ च्या सुमारास शहरात आली. अशा कडेच्या भागात हद्द आधी येते, पाइप मागाहून. म्हणून फ्लॅट पाहायला जायचंच तर मे महिन्यात जा आणि वॉचमनला विचारा, टँकर किती वाजता येतो. टँकर येतच नाही म्हणाला तर नळाचं बिल बघा.

नगरपरिषदेत नळ असतो, पण दिवसाआड किंवा ठरावीक वेळेचा धरून चाला, आणि प्लॉटवर बोअर किंवा विहीर लागेल असं गृहीत धरा. उन्हाळ्यात बोअर आटली की नगरपरिषदेकडे पर्यायांची यादी फार लांब नसते. आई-वडील घरी आहेत, पाणी साठवायला कोणी हात नाही, अशा घराने हा एकच मुद्दा पाहून शहराची हद्द निवडावी.

सांडपाण्याची नाली दोन्हीकडे तपासा. मोठी महापालिका म्हणजे पाणी तुंबणार नाही असं नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला तेव्हा शहरातल्या चांगल्या, जुन्या, महागड्या वस्त्यांत छातीपर्यंत पाणी शिरलं. नव्या ले-आउटमध्ये पहिला पाऊस पडल्यावर एक चक्कर मारा; रस्त्याच्या कडेला नाली आहे की रस्ताच नाली आहे, ते दिसतं.

टॅक्स

नगरपरिषदेत टॅक्स कमी, हे सहसा खरं. महापालिकेत तो करयोग्य मूल्यावर लागतो आणि त्यात पाण्याची वेगळी बिलं धरली की फरक जाणवतो. पण नगरपरिषदेत चतुर्वार्षिक आकारणी असते. चार वर्षांनी नव्याने मोजणी आली की आकडा एकदम उडी घेतो, आणि गावभर हरकतींचे अर्ज लागतात. नोटीस आल्यावर मुदतीत हरकत नोंदवा. नंतर नगरसेवकाकडे जाऊन फारसं हाती लागत नाही. थकबाकीवर दोन्हीकडे दरमहा २ टक्के शास्ती चढते. शास्ती माफ करणाऱ्या अभय योजनेची वाट पाहत बसणारे लोक आहेत, पण घर विकत घेताना जुन्या मालकाची थकबाकी त्या घराबरोबर तुमच्याकडे येते, हे त्यांना सांगायला कोणी नसतं. विक्रीपत्र झालं म्हणजे टॅक्सच्या रजिस्टरला नाव चढलं असंही नाही. ते फेरफाराचं काम वेगळं, आणि ते नगरपरिषदेत नक्की लवकर होतं.

खरेदीच्या वेळी शहरात मुद्रांक शुल्कासोबत मेट्रोचा १ टक्का अधिभार द्यावा लागतो. चाळीस लाखांच्या घरावर ते चाळीस हजार होतात, म्हणजे एक बोअर.

दाखले, दुकान

इथे फारसा फरक नाही. जन्म-मृत्यूचा दाखला, थकबाकी नसल्याचा दाखला या सेवा २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यात येतात; मुदत ठरलेली, आणि ती टळली तर अपील करता येतं. ऑनलाइन अर्ज करा, पोचपावती ठेवा. एक गोष्ट मात्र वाडी-कामठीच्या लोकांना उशिरा कळते: जन्माची नोंद राहत्या घराच्या नव्हे, जन्म झालेल्या ठिकाणच्या कार्यालयात होते. बाळंतपण मेडिकलला किंवा डागा रुग्णालयात झालं तर दाखला नागपूर महापालिकाच देणार. २१ दिवसांत नोंद झाली आहे ना, एवढं दवाखान्यातून निघतानाच विचारून घ्या.

घराखाली दुकान काढायचं असेल तर गुमास्ता कामगार विभागाकडचा, खाद्यपदार्थ असतील तर परवाना अन्न व औषध प्रशासनाचा. हे दोन्हीकडे सारखंच. फरक पडतो तो फलक, ओटा, समोरची हातगाडी यांच्यावरून, आणि तिथे लहान गावात बोलून प्रश्न सुटतो. गोदाम किंवा ट्रान्सपोर्टचा धंदा असेल तर विचारही करू नका, अमरावती रोडला वाडीच.

मग कोणी काय घ्यावं

पगारदार जोडपं, दोघंही दिवसभर बाहेर, कर्ज मोठं: महापालिकेच्या हद्दीतला, भोगवटा प्रमाणपत्र मिळालेला फ्लॅट. कार्यालयाशी तुमचा संबंध वर्षाला टॅक्स भरण्यापुरता, तोही मोबाइलवर.

स्वतःचा धंदा असलेला, गावात ओळख असलेला, सभेला जाऊन बसायची तयारी असलेला माणूस: नगरपरिषद. तिथे तुमच्या शंभर घरांच्या वस्तीने एकत्र अर्ज दिला तर तो अजेंड्यावर येतो. नागपुरात तोच अर्ज झोनमध्ये आवक क्रमांक घेऊन पडून राहतो.

निवृत्त होऊन कामठीत परत यायचं म्हणणाऱ्यांनी आधी पाणी पाहावं, मग भावना.

आणि पाच-सात वर्षांत हद्दवाढ होऊन भाव चढेल या आशेवर शहराबाहेर अनधिकृत ले-आउटमध्ये प्लॉट घेणार असाल, तर हद्दवाढीने टॅक्स महापालिकेचा होतो, आर.एल. तुमचं तुम्हालाच काढावं लागतं. टोकन देण्याआधी विकणाऱ्याकडून तीन कागदांच्या प्रती मागा: मंजूर नकाशा, ज्यावर मंजुरी देणाऱ्या कार्यालयाचं नाव आणि क्रमांक वाचता येतो, चालू वर्षाची टॅक्स पावती, आणि आर.एल. किंवा अकृषक आदेश. मग त्या घेऊन ज्या कार्यालयाचा शिक्का आहे तिथे स्वतः जा आणि क्रमांक रजिस्टरशी जुळवा. विकणारा "कायले त्रास घेता, आपला माणूस आहे तिथे" म्हणाला, तर त्याच दिवशी जा.