घरच्या ध्वनिमुद्रणासाठी माइक : कंडेन्सर की डायनॅमिक?

स्वतंत्रपणे गाणी करून त्यावर पोट भरू पाहणाऱ्या गायकाला सुरुवातीचा खर्च माइकवर करावा लागतो, आणि तेथे निवड कंडेन्सर व डायनॅमिक या दोन प्रकारांत असते. कंडेन्सरचा आवाजाने थरथरणारा पडदा अतिशय हलका असल्यामुळे तानपुऱ्याची जवारी, तबल्याच्या चाटेवरचा टणत्कार आणि गायकाचा श्वासही तो बारकाईने टिपतो. मात्र त्याला इंटरफेसमधून (माइक संगणकाला जोडणाऱ्या पेटीतून) ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा, म्हणजे माइकच्याच तारेतून येणारी वीज, लागतो आणि खरी अडचण अशी, की पंख्याची घरघर, शेजारच्या कुकरची शिट्टी व मोकळ्या भिंतींवरून परतणारा आवाजही तो तितक्याच इमानाने नोंदवतो.

डायनॅमिक माइकमध्ये पडद्याला जोडलेली तारेची गुंडाळी चुंबकक्षेत्रात हलते. ती तुलनेने जड असल्याने बारकावे थोडे बोथट होतात. बाहेरचा आवाज तो ऐकतच नाही, हा समज मात्र खोटा आहे. तोंडाजवळ धरून गायल्यावर गेन (माइकचा आवाज वाढवण्याचे प्रमाण) कमी ठेवता येतो, म्हणून खोलीतला इतर आवाज मागे पडतो, एवढेच.

स्ट्रीमिंगचे तुटपुंजे पैसे पाहता ज्याची मिळकत मुख्यतः कार्यक्रमांवर आहे, त्याने माझ्या मते डायनॅमिकच घ्यावा, कारण १९६६ पासून बाजारात असलेला शुअर एसएम ५८ घरातही चालतो आणि गणेशोत्सवाच्या मंचावरही. इतरांसाठी सतार किंवा बासरी मुद्रित करून देणाऱ्याला मात्र कंडेन्सरवाचून गत्यंतर नाही; त्याने भिंतींवरून परतणारा आवाज शोषण्यासाठी त्याच खर्चात खोलीला लावायचे जाड पडदे आणि गाद्याही धराव्यात.