अल्किड मीडियम : पाच मोठी चित्रं, ११ आठवडे आणि साडेतीन स्टार

आधीच सांगते, हा रिव्ह्यू छोट्या चित्रांसाठी नाहीये. छोट्या कॅनव्हासवर अल्किड मीडियम (तेलरंगात मिसळायचं, तो लवकर सुकवणारं द्रव) वापरणारे भरपूर आहेत आणि त्यांनी चांगलंच लिहिलंय, पण सहा बाय नऊ फुटांच्या कॅनव्हासवर, प्रदर्शनाची तारीख डोक्यावर असताना हे प्रकरण कसं वागतं ते मला कुठे वाचायला मिळालं नाही. मग आता मीच लिहितेय, तेही चौथ्या चित्रासमोर स्टूल टाकून, थर सुकतोय तोवर, त्यामुळे मधेच भरकटले तर सांभाळून घ्या.

तर परिस्थिती अशी होती की चित्रं पाच, सगळ्यात लहान ४ बाय ५ फूट, सगळ्यात मोठं ६ बाय ९, आणि हातात ११ आठवडे. आजवर मी जवसाचं तेल आणि टर्पेंटाइन एवढ्यावरच काम केलंय, दुसऱ्या कशाची गरजही पडली नाही. पण यावेळी कागदावर हिशोब मांडला आणि पोटात गोळा आला. एका चित्राला चार-पाच थर लागतात, ज्या थरात टायटॅनियम व्हाइट जास्त तो माझ्याकडे आठ-दहा दिवस ओला राहतो, म्हणजे पाचही चित्रं आळीपाळीने केली तरी शेवटचा थर प्रदर्शनाच्या दिवशी भिंतीवर ओलाच असणार आणि कुणाच्या तरी बाहीला लागून घरी जाणार.

मैत्रीण म्हणाली अल्किड घे. घेतलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. तेलरंग काही पाण्यासारखा उडून सुकत नाही, त्यातलं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट होतं, म्हणून इतके दिवस लागतात. अल्किड म्हणजे तेलाशीच जोडलेलं एक पॉलिएस्टर रेझिन, त्यातली बरीचशी बांधणी कारखान्यातच झालेली असते, त्यामुळे कॅनव्हासवर हवेला थोडंच काम उरतं. हे काही नवं खूळ नाही, अल्किड १९२० च्या दशकापासून आहे, घराला लावायच्या एनॅमलमध्ये तेच असायचं, आणि अमेरिकन चित्रकार जॅक्सन पोलॉकने जमिनीवर कॅनव्हास पसरून जे एनॅमल ओतलं त्यातही ते सापडलंय. चित्रकारांसाठीचं विन्सर अँड न्यूटनचं लिक्विन आणि गॅम्ब्लिनचं गॅल्किड ही नावं बहुतेकांनी ऐकलेली असतात, बाकीही बऱ्याच कंपन्यांचं येतं. माझी बाटली कुठली होती ते मुद्दाम लिहीत नाही, कारण खाली तक्रारी आहेत आणि त्यातल्या बऱ्याचशा या जातीच्याच आहेत, एका बाटलीच्या नाहीत.

पहिला आठवडा तर मी हवेत होते. बर्न्ट अंबर या तपकिरी रंगात थोडंसं मिसळून अख्ख्या मोठ्या कॅनव्हासचं अंडरपेंटिंग (सगळ्यात खालचा थर) एका दुपारी टाकलं, सकाळी येऊन बोट लावलं, कोरडं! आता अंबर तसाही लवकर सुकणारा रंग, त्यात मँगनीज असतं ते सुकायला मदत करतं, त्यामुळे त्यावरून लगेच मत बनवू नये हे मला कळत होतं. म्हणून प्राइम केलेल्या कॅनव्हासच्या पट्ट्या कापल्या, प्रत्येकीवर एक रंग, अर्धी पट्टी मीडियम घालून आणि अर्धी नुसती ट्यूबमधली, मागे तारीख टाकून भिंतीला टाचल्या. हे जरूर करा, कुठल्याही माहितीपत्रकापेक्षा तुमच्या खोलीतल्या पट्ट्या जास्त खरं सांगतात, कारण थंडी, दमटपणा, थर किती जाड, सगळ्याने फरक पडतो. माझ्याकडे मीडियमवाले अंबर आणि कोबाल्ट ब्लू रातोरात, कॅडमियम रेड दोन दिवस, टायटॅनियम व्हाइट तीन दिवस. नुसतं व्हाइट नवव्या दिवशीही बोटाला चिकटत होतं. म्हणजे ज्यासाठी घेतलं ते काम ते करतं, याबद्दल शंका नाही.

आता मोठ्या कॅनव्हासची गंमत. तिसऱ्या चित्राचा वरचा अर्धा भाग म्हणजे एकच करडा पट्टा आहे, डावीकडे गडद आणि उजवीकडे जाता जाता उजळत जाणारा, नऊ फूट. जवसाच्या तेलावर हे मी आरामात करते, रंग दिवसभर ओला राहतो, कधीही मागे जाऊन कोरड्या ब्रशने कड मोडता येते. इथे मी डावीकडून सुरुवात केली, शिडी सरकवत सरकवत उजव्या टोकाला पोचले, पाऊण तास झाला असेल, आणि डावीकडे परत आले तर तिथला रंग चिकट झालेला. ब्रश सरकेना, ओढला की खालचा रंग सालीसारखा निघतोय. आणि साधारण तिसऱ्या फुटावर, जिथे मी शिडी हलवायला थांबले होते, तिथे वरून खाली एक सरळ रेघ, जणू कुणीतरी पट्टी धरून मारलीय. दोन फुटांच्या चित्रात हे घडूच शकत नाही हो, तिथे हात एका जागेवरून सगळीकडे पोचतो, म्हणून तर कुणी लिहिलेलं नसतं.

ती रेघ घालवायला मला चार दिवस लागले. शेवटी जमलं ते असं, की रंग आधीच पाच छटांमध्ये भरपूर कालवून झाकणाच्या डब्यांत भरून ठेवायचा (पॅलेटवर कालवत बसलं की तिथेच वेळ जातो), चार इंची दोन ब्रश घ्यायचे, आणि मैत्रिणीला मागून नुसता कोरडा ब्रश फिरवत यायला लावायचं. एकटीने करायचं असेल तर असा गडदाकडून उजळाकडे जाणारा मोठा उतार ठेवायचाच असेल तिथे मीडियम वापरू नका, किंवा चित्रातल्याच एखाद्या कडेला, आकृतीच्या बाजूला, काम थांबवा म्हणजे सांधा लपतो. मी पुढच्या दोन चित्रांत हा कडेला थांबायचा मार्ग धरलाय.

चकाकीबद्दल कुणीतरी मला आधी सांगायला हवं होतं. मीडियम जिथे जास्त पडलं तिथे काच, जिथे कमी पडलं तिथे मॅट, आणि काळे-मातकट रंग तर तेल पिऊन घेतल्यासारखे बसतात, निस्तेज. छोट्या चित्रासमोर माणूस एका जागी उभा राहतो, डोकं जरा हलवलं की भागतं. नऊ फुटांच्या चित्रासमोरून माणूस चालतो, आणि तो चालतो तशी ती चकाकीची बेटं पण चालतात, चित्र बाजूलाच राहतं. मी बाजूने दिवा लावून बघितलं तेव्हा अक्षरशः घाम फुटला. तेव्हापासून मीडियम अंदाजाने ओतायचं बंद, चमच्याने मोजून, रंगाच्या साधारण पाचव्या हिश्श्यापर्यंतच. आणि वरून तेच मीडियम पातळ हाताने फिरवून सगळं एकसारखं चकचकीत करायचा मोह होतो, तो टाळा, लिक्विनच्या बाबतीत तर कंपनीच सांगते की हे वार्निश म्हणून किंवा शेवटचा थर म्हणून वापरायचं नाही. वार्निश वेगळं. जुन्या पद्धतीच्या डमार वार्निशला सहा महिने ते वर्षभर थांबायला सांगतात, प्रदर्शनाआधी तेवढा वेळ कुणाकडे असतो. गॅम्वारसारखं नव्या रेझिनचं वार्निश मात्र रंग जाड भागातही बोटाला घट्ट लागला की देता येतं, त्यामुळे मी तेच धरून चालले आहे.

आणखी एक, थर टाकून जास्त दिवस गेले की त्याचा पृष्ठभाग इतका गुळगुळीत होतो की पुढचा पातळ रंग त्यावर अळवावरच्या पाण्यासारखा गोळा होतो. दुसरं चित्र मी तीन आठवडे बाजूला ठेवलं होतं, तिथे हे झालं. बारीक सँडपेपरने अगदी हलक्या हाताने घासून, भुकटी पुसून (मास्क लावून, रंगाची भुकटी नाकात जायला नको), मग रंग बसला. जाड थर तर टाकूच नका, वरून कोरडा आतून ओला राहतो आणि सुरकुत्या पडतात. खाली कमी तेल, वर जास्त तेल हा नियम इथेही आहेच, खालच्या थरांत अल्किड आणि वर साधा तेलरंग चालतो, पण अजून ओल्या, तेलकट थरावर झटपट सुकणारं अल्किड चढवलं तर पुढे तडे जाणार.

ब्रशचं म्हणाल तर चार गेले. तेलाच्या कामात मी रात्री ब्रश तसेच टर्पेंटाइनमध्ये ठेवून सकाळी धुवायचे, ही वाईट सवय आहे मान्य, पण वीस वर्षं खपली. अल्किडने एका रात्रीत हिशोब चुकता केला, केसांच्या मुळाशी रंग दगड झालेला. आता काम थांबलं की लगेच धुणं. वासही कमी नाही, त्यात पेट्रोलियमचं सॉल्व्हंट असतं, खिडकी उघडी पाहिजेच. आणि चिंध्या! जवसाचं तेल लागलेल्या चिंध्यांचा बोळा आपोआप तापून पेटू शकतो, ही दंतकथा नाही, सुकताना उष्णता निघते आणि बोळ्यात ती अडकते. मी त्या पाणी भरलेल्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाकते. पाच मोठी चित्रं म्हणजे रोजची पिशवीभर चिंधी, तेव्हा हे हलक्यात घेऊ नका.

बाटलीबद्दलची तक्रार एकच. तिसरी बाटली जिथून मागवली तिथून ती अर्धी जेली झालेली आली, वर जाड साय. थोडं दाट दिसणं नॉर्मल आहे, ढवळलं की पातळ होतं, पण ही ढवळूनही गाठीच. परत केली तर उत्तर आलं की सील तुटलंय. सील तोडल्याशिवाय आत जेली आहे हे कळणार कसं, ते मात्र त्यांनी सांगितलं नाही. हवा लागली की हे घट्ट होतं, म्हणून मोठी बाटली घेऊन महिनोन्महिने पुरवण्यापेक्षा लहान घ्या, किंवा उरलेलं छोट्या बाटल्यांत काठोकाठ भरून ठेवा.

आता जे मला खरंच लिहायचं होतं ते. मी रोज संध्याकाळी त्याच जागेवरून, त्याच दिव्यात प्रत्येक चित्राचा फोटो काढते. पिकासो १९३७ मध्ये ‘गेर्निका’ हे चित्र करत होता तेव्हा त्याची फोटोग्राफर मैत्रीण डोरा मार हिने त्याचे टप्प्याटप्प्याने फोटो काढले होते, साडेतीन मीटर उंच आणि पावणेआठ मीटर लांब चित्र महिन्याभरात कसकसं बदललं ते त्यात दिसतं, मोठ्या बैलाचं अंग कुठून कुठे गेलं वगैरे. तिथूनच ही सवय लागली. तर पाचव्या आठवड्यात मी दुसऱ्या चित्राचे फोटो ओळीने लावले आणि बाराव्या दिवसाचं चित्र विसाव्या दिवसापेक्षा चांगलं निघालं. नुसतं चांगलं नाही, खूप चांगलं. मधल्या आठ दिवसांत मी त्याला काय काय केलं होतं तर रोज थोडं, कारण रोज सकाळी ते कोरडं असायचं आणि कोरडं चित्र समोर असलं की हात शिवशिवतोच. जवसाचं तेल मला सक्तीची सुट्टी द्यायचं. थर ओला, हात लावता येत नाही, मग लांबून बघा, दुसऱ्या चित्राकडे जा, परत येऊन बघा, आणि आठव्या दिवशी कळायचं की अरे याला काही करायची गरजच नाही. ते आठ दिवस वाया जातात असं मी इतकी वर्षं समजत होते आणि त्यावर कुरकुरतही होते.

बाराव्या दिवसाकडे परत जायचा प्रयत्न केला, नाही जमलं. वरचा थर खरवडला तर खालचा पण गेला. ते चित्र आता वेगळंच झालंय, वाईट नाहीये, पण मला ते दिसलं की फोटो आठवतो.

म्हणून साडेतीन स्टार. अंडरपेंटिंग आणि पहिले दोन थर, डोळे झाकून वापरा, तारीख गाठायची असेल तर याला तोड नाही, माझे निदान चार आठवडे वाचले. पातळ ग्लेझसाठीही (खालचा रंग दिसेल असा पारदर्शक थर) मस्त, एका आठवड्यात तीन ग्लेझ चढवता येतात. मोठे उतार, एकट्याचं काम, आणि शेवटचा थर, यासाठी मी तरी घेणार नाही. जवस अंधारात जास्त पिवळं पडतं आणि अल्किड त्या मानाने कमी, हा एक जादा गुण, तरी मी झालेली चित्रं भिंतीकडे तोंड करून ठेवत नाही.

सध्या पहिली तीन झालीत, कडा रंगवून, मागच्या पाचरी ठोकून ताणून. १६ दिवस उरलेत. पाचव्याचा शेवटचा थर मी मीडियम न घालता टाकणार आहे, पांढरा कमी आणि कोबाल्ट जास्त आहे म्हणून तेवढं धाडस करतेय, आणि पट्टी टाचून ठेवलीय. चौथ्याच्या वरच्या कोपऱ्याला आत्ता परत बोट लावून आले. सुकलाय. त्यावर उद्या काही करायचं नाही असं ठरवलंय, ब्रश धुऊन वरच्या फळीवर ठेवलेत, शिडी बाहेर नेली.